भोयरभाऊंना रस्ता माहीत नाही

रायपूरहून अमरावतीला गाडीनं किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं तर मी उलट विचारते, मुलं बरोबर आहेत का? नसतील तर पहाटे निघून दुपारच्या चहाला पोचता येतं. असतील तर देवाचं नाव घेऊन निघावं. माझी दोन. ऋता तेव्हा सात वर्षांची आणि आरव तीन. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या आत आरवला उलटी व्हायची आणि त्याचं आवरून झालं की ऋताला खिडकीवरून रडू फुटायचं. मोबाईल द्यावा तर मळमळ दुप्पट, गाणी लावावीत तर कुणाचं गाणं यावरून हाणामारी. गोष्टी सांगून सांगून माझा घसा राजनांदगावातच बसायचा. दुर्ग मागे पडलं की ‘और कितना दूर है’ सुरू व्हायचं, ते नागपूर येईस्तोवर. माझ्या मुलांना मराठी समजतं, पण कुरकुर करायची ती हिंदीतच.

शेवटी आम्ही जाणंच सोडलं. दोन दिवाळ्या माझी आई फोनवर म्हणत राहिली, ‘राहू दे बाई, लेकरांचे हाल नको,’ आणि दोन्ही वेळा फोन ठेवून मी भांडी आपटली. आई थकत चालली होती आणि माझी मुलं तिला फोनच्या पडद्यावर ओळखत होती. याचा मला फार राग यायचा, आणि तो काढायला कुणी सापडत नव्हतं.

तेव्हा आमच्या समता कॉलोनीतल्याच पाठकवहिनींनी भोयरभाऊंचं नाव सांगितलं. भोयरभाऊ बदली ड्रायव्हर. स्वतःची गाडी नाही. ‘गाडी तुमची, हात माये,’ असं ते म्हणत. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून तुमसरकडून रायपुरात आलेले. घरात खाकी वर्दी खुंटीवर बघत हे मोठे झाले आणि स्वतःच्या नशिबी मात्र ती आली नाही. आमच्याकडच्या मराठी घरांत त्यांना इतकी मागणी की मे महिन्याची तारीख संक्रांतीलाच सांगून ठेवावी लागे. एका घरात तर म्हणे मुंजीचा मुहूर्त गुरुजींच्या आधी भोयरभाऊंना विचारून काढला होता. गाडी चालवणारे रायपुरात पैशाला पासरी मिळतात. भोयरभाऊंच्या गाडीत मुलं रडत नाहीत, एवढ्यासाठी हा सारा मान होता.

ठरल्या दिवशी सहाच्या ठोक्याला ते दारात हजर. लहान चणीचे, पन्नाशीचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, पायात मोजे आणि मोज्यांवर चप्पल. गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही चाकांना पायानं टोचून पाहिलं आणि मुलांकडे ढुंकूनही न बघता बसले. मी मनात म्हटलं, हा काय मुलं रमवणार. गाडी कॉलोनीच्या तोंडाशी आली आणि थांबली. भोयरभाऊ मान वळवून आरवला म्हणाले,

“बेटा, अमरावती कोनीकडे आहे रे?”

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही. भोयरभाऊ अगदी ओशाळं तोंड करून सांगत होते, गेलो होतो बाप्पा एकदा, पण ध्यानात नाही राहिलं, मोठ्या माणसांना विचारायची लाज वाटते. आरवला जन्मल्यापासून कुणी काही विचारलं नव्हतं. त्याला सगळे सांगायचेच: गप बस, सरळ बस, पाणी पी. त्यानं दोन मिनिटं विचार करून उजवीकडे बोट केलं. नशिबानं उजवीकडेच जायचं होतं.

मग कामं वाटली गेली. ऋतानं पाट्या वाचायच्या, कारण भोयरभाऊंचं म्हणणं, चालवता चालवता त्यांना वाचता येत नाही. आरवनं नद्या सांगायच्या. नदी आल्याशिवाय आपण किती आलो ते म्हणे त्यांना समजत नसे. उड्डाणपूल आला की वरून जायचं की खालून, हे दोघांनी मिळून ठरवायचं आणि वेळेत सांगायचं, कारण ऐनवेळी गाडी वळत नाही. आरव मधल्या जागेवर पट्ट्यात बसून समोरच्या काचेतून लांबवर डोळे लावून राहिला. शिवनाथ आली तेव्हा त्यानं अशी आरोळी ठोकली की मागून ट्रकवाल्यानं भोंगा दिला असता तरी ऐकू आला नसता. उलटी झाली नाही. बाघ नदी ओलांडून महाराष्ट्रात शिरलो आणि पाट्या मराठी झाल्या, तशी ऋता ‘वाहने सावकाश चालवा’ वाचून विचारायला लागली, ‘मम्मी, सावकाश मतलब?’ उत्तर मी द्यायच्या आधी भोयरभाऊंनी गाडी इतकी हळू केली की तिला ते न सांगताच कळलं.

अमरावतीला आईच्या दारात गाडी लागली तेव्हा आरव उतरून धावत गेला आणि तिला म्हणाला, “आजी, ड्रायव्हर अंकलला रस्ता नव्हता माहीत. मी आणला.” आख्खं वाक्य मराठीत. आई त्याला पोटाशी धरून रडली आणि मीही रडले, लपवायचं काय त्यात. भोयरभाऊ डिकीतून बॅगा काढत होते.

पुढे वर्षाला तीन फेऱ्या व्हायला लागल्या आणि मला त्यांची विद्या हळूहळू उमगली. ते मुलांशी खेळत नसत, गोष्ट सांगत नसत, गोळ्याचॉकलेटं तर त्यांच्या खिशात कधी दिसली नाहीत. ‘पोट्ट्यायले खेळनं नोका देऊ ताई, काळजी द्या,’ हे त्यांचं ब्रीद. ज्याच्या डोक्यात काळजी त्याच्या पोटात मळमळ नाही, आणि जो लांब बघतो त्याला उलटी होत नाही. बाकी बोलणं बेताचंच. हो म्हणायला छत्तीसगढी ‘हव’, नाही म्हणायला नुसती जीभ टाळ्याला लावून एक आवाज. जेवायला आमच्या टेबलावर कधी बसले नाहीत. गाडीजवळ उभ्यानं चहा घेत आणि मुलांना हाका मारून विचारत, आपण आलो कुठून आणि चाललो कुठं. रायपुरातल्या गल्ल्या, मंडया, लोकांच्या घरचे मागचे दरवाजेसुद्धा त्यांना पाठ होते. पण मूल गाडीत बसलं की या माणसाला आपल्या नाकासमोरचं काही दिसेनासं व्हायचं.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना पचायची नाही. मुलानं चुकीचं सांगितलं तर भोयरभाऊ तसेच जायचे. साकोलीजवळ आरवनं एकदा तोऱ्यात ‘लेफ्ट’ म्हटलं. गाडी डावीकडे वळली आणि वळली ती वळलीच. धानाची शेतं, मग एक तळं, तळ्याच्या पाळीवर आठवडी बाजार, बाजारात म्हशी. माझा नवरा दातओठ खात होता. आरव आधी मजेत होता, मग गप्प झाला, मग हळूच म्हणाला, ‘अंकल, ये वो वाला नहीं है।’ भोयरभाऊंनी विचारलं, बरं, मग आता कसं करावं? आरवनं काच खाली करून एका म्हाताऱ्याला हायवे विचारला. पाच वर्षांच्या पोरानं, ज्याला घरी पाहुणे आले की पलंगाखाली शिरायची सवय. त्या वाटेत आमचा अर्धा तास गेला.

नागपुरात मुलं झोपलेली बघून ह्यांनी भोयरभाऊंना चांगलं सुनावलं, तुम्हाला माहीत असून तुम्ही वळलातच कसे? भोयरभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, खोटंखोटं विचारलं तर पोट्ट्यांना लगेच समजते. विचारायचं तर ऐकायचं, नाही तर विचारायचंच नाही. मला ते बोलणं घरातही लागू करावं असं वाटलं आणि आजतागायत फारसं जमलेलं नाही.

ऋताला खरं कळलं ते देवरीच्या ढाब्यावर. तेव्हा ती अकराची. ढाब्याचा मालक गल्ल्यावरून ओरडला, ‘आइए भोयरजी, इस हफ्ते तीसरा चक्कर?’ ऋतानं ऐकलं. पुढच्या पाट्या तिनं वाचल्याच नाहीत. मी म्हटलं, झालं, आता पोरगी फणकारणार, दोन वर्षं आपल्याला फसवलं म्हणून. साकोलीचा फाटा जवळ आला, भोयरभाऊंनी नेहमीसारखं विचारलं, “बाई, आता कसं?” तिनं आरशात त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग ती शांतपणे म्हणाली, “सीधा, अंकल।” रात्री जेवताना माझ्या कानाला लागून तिनं बजावलं, अंकलना सगळं येतं, आरवला सांगू नकोस. मी भोयरभाऊंना हे सांगितलं तर ते खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा थोडा उतरलाच. ‘पोट्टी मोठी झाली आपली,’ एवढंच म्हणाले.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

मी नवा रायपूर या नव्यानं वसवलेल्या भागातल्या एका संस्थेत नोकरी करत होते. तिथं कर्मचाऱ्यांच्या मुलांना वसाहतीतून शाळेत नेण्या-आणण्यासाठी बस सुरू व्हायची होती आणि तिला कायमचा ड्रायव्हर हवा होता. मी भोयरभाऊंना सांगितलं. त्यांनी अर्ज माझ्याच टेबलावर बसून भरला आणि भरताना तीनदा विचारलं, वर्दी राहीन का ताई? राहील म्हटल्यावर खाली सही केली. पंचवीस वर्षं लोकांच्या सवडीनं जगलेला माणूस. सणाला बायकोपोरं घरी आणि हे दुसऱ्याच्या सणाला गाडी हाकताहेत. बायको त्यांना पाहुणा म्हणायची. ही नोकरी म्हणजे रोज संध्याकाळी स्वतःच्या घरी जेवण, आणि अंगावर खाकी. त्यांना ती किती हवी होती हे मला ठाऊक होतं.

निवड करायची होती आमच्या साहेबांना. साहेब पुण्याचे, वर्षभरापूर्वीच आलेले, माणूस सरळ पण घड्याळाचा पक्का. त्यांनी ठरवलं, भाच्याचा साखरपुडा नागपूरला आहे, याच ड्रायव्हरला नेऊ, चालवतो कसा आणि मुलांशी वागतो कसा ते दिसेल. बरोबर बायको आणि सात वर्षांची सानवी. मी भोयरभाऊंना बजावून बजावून सांगितलं, यावेळी तुमचे प्रयोग नको, नीट नेऊन सोडा. ते हव हव म्हणाले.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. “तुमच्या त्या ड्रायव्हरला नागपूरचा रस्ता माहीत नाही,” ते म्हणाले. भंडाऱ्याजवळ साहेबांचा आणि त्यांच्या बायकोचा डोळा लागला असताना बाहेरून जायचं सोडून गाडी गावात घातली. भर बाजारात अडकले. साखरपुड्याची वेळ गेली, वरमामा नसताना अंगठ्या घातल्या गेल्या. साहेबांनी तिथल्या तिथं विचारलं होतं, तुम्हाला रस्ता माहीत आहे की नाही? त्यावर ड्रायव्हर म्हणाला, ‘नाही साहेब. माझी चूक झाली.’ नागपुरातूनच त्यांनी भोयरभाऊंना एसटीचा रस्ता दाखवला आणि परतीला दुसरा माणूस घेतला. उद्या दुसऱ्या ड्रायव्हरांना बोलावणार होते.

मी घरी न जाता थेट भोयरभाऊंच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, गेले. ते अंगणात बसून लसूण सोलत होते. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. एक वाक्य बोलला असतात, साहेब, पोरीनं सांगितलं म्हणून वळलो, मला रस्ता पाठ आहे, तर काय बिघडलं असतं? मी आत्ता साहेबांना फोन करते. भोयरभाऊ उठले आणि पहिल्यांदाच माझ्याशी वरच्या आवाजात बोलले.

“फोन नोका करू ताई. तुमी साहेबाले सांगसान, साहेब घरी सांगीन. ते पोट्टी रायपूरपासून भंडाऱ्यापर्यंत एक पाटी चुकली नाही. एकच चुकली. तिच्या बापानं साऱ्याइच्या समोर म्हटलं का हिच्यापायी उशीर झाला, तर ते जलमात कोनाले रस्ता सांगनार नाही.”

“आणि तुमची नोकरी?”

“मायं का आहे. मले तर रस्ता माहीतच नाही.”

त्यांची बायको दारात उभी होती. तिनं सोललेला लसूण उचलून आत नेला. मला इतका संताप आला होता की मी पाणीसुद्धा न पिता निघाले. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही असा माझा लौकिक आहे. ती एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस मी ती कशी ठेवली हे माझं मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब स्वतःच माझ्या टेबलाशी आले. असं ते कधी करत नसत. हातात चार कोरे कागद एकाला एक चिकटवून केलेली लांबलचक पट्टी होती. त्यांनी ती टेबलावर उलगडली. रंगीत खडूंनी काढलेला रस्ता होता. खाली घर, मग चिमण्या, शिवनाथ, राजनांदगावचा उड्डाणपूल आणि त्यावर बाण, ‘वरून’. बाघ नदी. देवरीचा घाट, घाटात माकड. साकोली, लाखनी, सगळं क्रमानं. परत येताना सानवी दोनदा ओकली होती, साहेब सांगत होते, नव्या ड्रायव्हरवर चिडली होती, तो कुणाला काही विचारतच नव्हता म्हणून. घरी आल्यापासून दप्तर बाजूला टाकून हेच काढत बसली होती. भोयर अंकलना पाठवायचं आहे, नाही तर ते पुढच्या वेळी एकटे हरवतील.

“हिला घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानाचा रस्ता सांगता येत नव्हता,” साहेब म्हणाले. मग त्यांनी भंडाऱ्यावर बोट ठेवलं. तिथं लाल फुली होती आणि शेजारी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथे मी चुकीचं सांगितलं. अंकलनी नाही.’

मी ते वाचलं आणि माझे डोळे भरून आले. पोरीला सगळं माहीत होतं. तिथल्या तिथं कळलं होतं तिला. आणि तरी तिनं तोंड लपवलं नव्हतं, उलट आख्खा नकाशा काढून त्यात आपली चूक लाल खडूनं मांडली होती. भोयरभाऊ तिच्यासाठी नोकरीवर पाणी सोडून बसले होते आणि ती त्यांच्यासाठी खडू झिजवत बसली होती.

साहेबांनी पट्टीची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, “या माणसाला रस्ता माहीत आहे, हो ना?”

मी कुणाला काही सांगितलं नाही. मी फक्त म्हणाले, “साहेब, ते मला विचारू नका.”

साहेब हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं. दुसऱ्या ड्रायव्हरांना बोलावणं गेलंच नाही. संध्याकाळी साहेब सानवीला घेऊन स्वतः भोयरभाऊंच्या घरी गेले, हे मला नंतर भोयरभाऊंच्या बायकोनं सांगितलं. सानवीनं नकाशा अंगणात पसरला आणि भोयरभाऊंनी मांडी घालून तो रायपूरपासून नागपूरपर्यंत बोट फिरवत समजून घेतला, दोनतीन शंका विचारल्या. भंडाऱ्याशी आल्यावर बोट थांबलं, आणि मग मात्र त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. निघताना साहेबांनी त्यांना वर्दीचं माप द्यायला कधी येता ते विचारलं.

त्या नोकरीत ते रुजू झाले आणि आमची अमरावतीची सोय गेली. कॉलोनीतल्या चार घरांनी मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही. पण तोवर आरव मोठा झाला होता. भोयरभाऊंना खरंच रस्ता येत नव्हता, असं तो नवव्या वर्षापर्यंत शपथेवर सांगत असे.

पुढे माझी बिलासपूरला बदली झाली. जायच्या आदल्या आठवड्यात, सकाळी ऑफिसला जाताना, मला ते शेवटचे दिसले. नवा रायपुरातले रस्ते हे एवढे रुंद आणि त्यांवर चिटपाखरू नाही. मोठ्या चौकातल्या गोलाच्या अलीकडे पिवळी बस थांबली होती. पुढे गाडी नाही, मागे फक्त माझी. शाळा तिथून दोन मिनिटांवर, वर्षभर रोज दोनदा जायचा रस्ता. मी बाजूला घेऊन काच खाली केली. भोयरभाऊ खाकीत होते, कडक इस्त्री, वरचं बटण लावलेलं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून अगदी गोंधळलेल्या चेहऱ्यानं मागे वळून बघत होते. बसमधली सगळी पोरं उभी राहून एका सुरात ओरडत होती आणि काचांआड तीसेक हात डावीकडे रोखलेले होते. भोयरभाऊंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा पोरांकडे पाहिलं, आणि एवढी जाणती माणसं सांगताहेत तर आपण कोण नाही म्हणणार, अशा थाटात मान डोलावून त्यांनी बस डावीकडे वळवली.